वाजवून घेण्याची विद्या

भंडारा हे नाव पितळी भांड्यांवरून पडले असे सर्रास सांगितले जाते, आणि या शहराचा भांड्यांचा धंदा जुना व नावाजलेला असल्याने ते कोणालाही चटकन पटते. मात्र कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या, बाराव्या शतकाच्या आरंभीच्या रतनपूर शिलालेखात, त्याला वार्षिक खंडणी देणाऱ्या मांडलिकांच्या यादीत लांजिका आणि वैरागर यांच्यासोबत ‘भाणार’ असे नाव आलेले आहे. लांजिका म्हणजे आजच्या बालाघाट जिल्ह्यातील लांजी आणि वैरागर म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड, तेव्हा या दोहोंच्या शेजारचे भाणार म्हणजे भंडारा असावे, असे अभ्यासकांनी मानले. यामुळे भांड्यांची व्युत्पत्ती तेवढ्यावर खोटी ठरत नाही, पण नाव आधीचे की धंदा आधीचा, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आता तिच्यावर येते. एखादे विधान कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे केले हे विचारण्याच्या या सवयीला शिक्षणशास्त्रात चिकित्सक विचार म्हणतात, आणि पडद्यावरच्या मजकुरालाही ती लावता येणे हा डिजिटल साक्षरतेचा गाभा होय. बाजारात भांडे वाजवून घेतात तसेच हे आहे, कारण चीर गेलेले भांडे दिसायला कितीही लखलखीत असले तरी बद्द वाजते.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर भंडारा इंग्रजी अमलाखाली आला आणि 1861 मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाला. गावाच्या साऱ्याची सरकारला हमी देणारा जमीनधारक, म्हणजे मालगुजार, आणि जमिनीचे दप्तर राखणारा पटवारी यांच्या या मुलखात लिहिलेल्या कागदाला मोठे वजन होते. शाळेने तो कागद वाचायला शिकवले. कागदही चुकीचा असू शकतो, हे शिकवणे तिच्या कक्षेत नव्हते.

ते कक्षेत येण्याची संधी याच प्रांतात निर्माण झाली. वर्धा येथे 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, आणि तीतून नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगाच्या द्वारे द्यावयाचे मूलोद्योगी शिक्षण, याचा आराखडा तयार केला. साडेपाच तासांच्या शाळेपैकी 3 तास 20 मिनिटे एकट्या उद्योगासाठी राखून ठेवण्यात आली होती, आणि गणित, भाषा, समाजशास्त्र हे विषय शक्य तेथे त्या उद्योगाशी जोडून शिकवायचे होते. या जोडणीला ‘समवाय’ असे नाव होते. टीकाकारांना यात मुलांकडून करून घेतलेली मजुरीच दिसली, आणि ती शंका अगदीच निराधार नव्हती. तरीही सूतकताईत एक गोष्ट अशी होती की जी पाठ्यपुस्तकात सापडत नाही. चार फुटांची एक तार आणि 640 तारांची एक गुंडी असे माप होते. गुंडीची लांबी व वजन यांच्या प्रमाणावरून सुताचा अंक, म्हणजे बारीकपणा, काढला जाई, आणि सूत किती ताण सहन करते यावरून त्याचा कस ठरे. विद्यार्थ्याने आकडा फुगवून सांगितला तर तराजू त्याला उघडे पाडी, आणि शिक्षकाने चुकीचा सांगितला तर त्यालाही.

याच सुमारास मध्य प्रांत व वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळातील रविशंकर शुक्ल यांनी विद्या मंदिर योजना मांडली, जिच्यात गावाने जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नातून शाळा चालावी अशी कल्पना होती. योजनेच्या नावालाच मुस्लिम पुढाऱ्यांनी हरकत घेतली, आणि 1939 च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर तिचा राजकीय आधारही गेला. पुढे 1956 मध्ये भंडारा विदर्भाच्या इतर जिल्ह्यांसह द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, 1962 पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या, आणि सूत कातण्याची टकळी हळूहळू कपाटात गेली. तिच्याबरोबर तराजूही गेला, याची फारशी कोणी खंत केली नाही.

संगणक आला तो नोकरीचे साधन म्हणून. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम शासकीय नोकरीसाठी आवश्यक ठरल्यामुळे तालुक्याच्या गावीही पोहोचला. मजकूर टंकित करणे, तक्ते भरणे, सादरीकरण करणे हा त्याचा मुख्य भाग होता, आणि ‘संगणक साक्षर’ या शब्दाचा लोकांनी तेवढाच अर्थ घेतला. 2015 च्या प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदांच्या अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. विद्या मंदिरासाठी गावाने जमीन द्यायची होती, आता त्याने टॅबलेट आणि टीव्ही दिले. दोन्ही वेळा गावाकडे मागितले गेले ते साधनच.

तपासणीवाचून साधन काय करू शकते, हे 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले, जेथे मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून पसरलेली असताना जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील 5 जणांचा बळी घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. चाळणी यंत्रात बसली, वाचणाऱ्यात नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात चिकित्सक विचार आणि डिजिटल साक्षरता यांचा उल्लेख आला, पण त्याच वर्षी टाळेबंदीमुळे शाळा मोबाइलवर गेली आणि फोन कोणाच्या घरी आहे हाच प्रश्न आधी सोडवावा लागला.

वाजवून पाहण्याजोगी सामग्री मात्र भंडारा जिल्ह्यात हाताशी आहे. पवनी येथील जगन्नाथ टेकडीवर देऊळ उभे आहे, आणि 1969-70 च्या उत्खननात शां. भा. देव व ज. प. जोशी यांना त्या टेकडीच्या पोटात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला, तोही ब्राह्मी लेख कोरलेल्या दगडांसह. आणि ज्या शिलेवर भाणारचे नाव आहे ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात ठेवलेली आहे, भंडाऱ्याहून सुमारे 60 किलोमीटरवर.