शिंदे, सदाशिव गणपतराव
(१८ ऑगस्ट १९२३–२२ जून १९५५). भारतीय क्रिकेटपटू आणि लेगब्रेक व गुगली पद्धतीचे फिरकी गोलंदाज. क्रीडाक्षेत्रात ‘सदू शिंदे’ या नावाने परिचित. जन्म मुंबई येथे. १९४६ ते १९५२ या काळात ते भारताकडून सात कसोटी सामने खेळले. देशांतर्गत स्पर्धांत त्यांनी महाराष्ट्र, मुंबई व बडोदा या तीन संघांचे प्रतिनिधित्व केले. शरीरयष्टीने किरकोळ असूनही दीर्घकाळ न थकता गोलंदाजी करण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

लेगब्रेक टाकताना गोलंदाज मनगटाच्या झटक्याने चेंडूला फिरकी देतो. असा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या डावीकडून उजवीकडे, म्हणजे त्याच्यापासून दूर वळतो. गुगलीमध्ये हाताची हालचाल वरकरणी तीच असते. परंतु चेंडू उलट दिशेने, फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. इंग्लंडच्या बोझांकेट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रकार रूढ केला. अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळातही चेंडूफेक करणारा खेळाडू फिरकी देऊन फलंदाजास चकवतो. पण तेथे चेंडू जमिनीवर न आपटता थेट फलंदाजाकडे जातो. क्रिकेटमधील फिरकी गोलंदाजाचे यश मात्र खेळपट्टी, चेंडूस दिलेली उंची आणि क्षेत्ररक्षकांची साथ या तिन्ही गोष्टींवर अवलंबून राहते. लेगब्रेक गोलंदाजीत अचूकता राखणे विशेष अवघड असल्याने ती धावांच्या दृष्टीने महाग पडते, आणि एखाद्या अपयशानंतर संघातून वगळला जाण्याची पाळी अशा गोलंदाजावर लवकर येते. शिंदे यांच्या कारकीर्दीत याचा वारंवार प्रत्यय येतो.

शिंदे यांचा उदय महाराष्ट्र संघातून झाला. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९–४० व १९४०–४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला होता. त्या काळातील भारतीय खेळपट्ट्या फलंदाजांना अनुकूल असत आणि धावसंख्येचे डोंगर उभे राहत. १९४३–४४ च्या हंगामात मुंबईविरुद्धच्या सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावा केल्या. त्या प्रचंड डावात शिंदे यांनी पंचाहत्तरहून अधिक षटके टाकून १८६ धावांत पाच बळी मिळविले. आकड्यांकडे पाहता ही कामगिरी सामान्य वाटेल. परंतु त्या परिस्थितीत इतका वेळ चेंडूला उंची देत राहणे हे चिकाटीचे व धैर्याचे काम होते.

१९४६ साली पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. दुसऱ्या महायुद्धानंतरचा हा भारताचा पहिला आणि फाळणीपूर्वीचा अखेरचा दौरा होय. लॉर्ड्‌स येथील पहिल्या कसोटीत शिंदे यांनी पदार्पण केले. या सामन्यात त्यांच्या गोलंदाजीपेक्षा फलंदाजीचीच आठवण राहिली. ॲलेक बेडसर यांच्या माऱ्यापुढे भारताचे नऊ गडी १५७ धावांत बाद झाले असता शिंदे अखेरचे फलंदाज म्हणून मैदानात उतरले व रूसी मोदी यांच्यासह त्यांनी ४३ धावांची भर घातली. शिंदे यांचा त्यांतील वाटा १० धावांचा होता. भारताचा डाव २०० धावांवर संपला आणि इंग्लंडने तो सामना दहा गडी राखून जिंकला.

यानंतर शिंदे यांना पुन्हा कसोटी खेळण्यासाठी पाच वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. दरम्यान भारताने इंग्लंडविरुद्ध उरलेले दोन, तसेच ऑस्ट्रेलिया (१९४७–४८) व वेस्ट इंडीज (१९४८–४९) यांच्याविरुद्ध प्रत्येकी पाच कसोटी सामने खेळले. गोलंदाजाच्या उमेदीची ही वर्षे शिंदे यांच्या बाबतीत कसोटी क्रिकेटविना गेली.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या मालिकेतील पहिला सामना झाला. हा सामना शिंदे यांच्या कारकीर्दीचा कळस ठरला. पहिल्या डावात त्यांनी ९१ धावांत सहा बळी घेतले आणि इंग्लंडचा संघ २०३ धावांत सर्वबाद झाला. मर्चंट (१५४) व विजय हजारे (नाबाद १६४) यांच्या शतकांमुळे भारताने सहा बाद ४१८ धावांवर डाव घोषित केला. भारताने तोवर एकही कसोटी सामना जिंकलेला नव्हता आणि आता तो पहिला विजय दृष्टिपथात आला होता. परंतु दुसऱ्या डावात ॲलन वॉटकिन्स यांनी सुमारे नऊ तास खेळपट्टीवर तग धरून नाबाद १३७ धावा केल्या. डोनाल्ड कार यांनी ७६ धावा करून त्यांना साथ दिली. शिंदे यांनी सत्तरहून अधिक षटके टाकली. त्यांच्या गोलंदाजीवर अनेक झेल सुटले आणि १६२ धावांत त्यांना दोनच बळी मिळाले. इंग्लंडने सहा बाद ३६८ धावा करून सामना अनिर्णित राखला. हटन, कॉम्प्टन व बेडसर यांसारखे इंग्लंडचे प्रमुख खेळाडू या दौऱ्यावर आले नव्हते, हे खरे. तरीही हातातोंडाशी आलेला विजय हुकल्याने या कामगिरीचे महत्त्व कमी होत नाही. पुढे फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे विनू मंकड यांच्या गोलंदाजीच्या बळावर भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या संघात शिंदे नव्हते.

१९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी शिंदे यांची निवड झाली. परंतु तो दौरा भारतास निराशाजनक ठरला. चारपैकी तीन कसोटी सामने भारताने गमावले. शिंदे यांचे कसोटी जीवन या दौऱ्याबरोबरच संपले. पुढील हंगामातील वेस्ट इंडीजच्या दौऱ्यात सुभाष गुप्ते यांनी कसोटी सामन्यांत २७ बळी घेऊन भारताचे प्रमुख लेगब्रेक गोलंदाज म्हणून आपले स्थान पक्के केले.

सात कसोटी सामन्यांत शिंदे यांना ५९.७५ धावांच्या सरासरीने एकूण १२ बळी मिळाले. त्यांपैकी आठ एकट्या दिल्लीच्या सामन्यातील असून उरलेल्या सहा सामन्यांत केवळ चार बळी त्यांच्या वाट्यास आले. प्रथम श्रेणीच्या ७९ सामन्यांत मात्र त्यांनी ३२.५९ च्या सरासरीने २३० बळी घेतले. हे आकडे लक्षात घेता केवळ कसोटी सामन्यांवरून त्यांच्या गुणवत्तेचे मोजमाप करणे अपुरे ठरते.

विषमज्वराने मुंबई येथे त्यांचे अकाली निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची बत्तीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. फिरकी गोलंदाजांची कला बहुधा याच वयात परिपक्व होऊ लागते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद (२००५–०८) भूषविणारे राजकीय नेते शरद पवार हे त्यांचे जामात होत. बाळू पालवणकरांपासून सुभाष गुप्त्यांपर्यंतच्या महाराष्ट्रातील फिरकी गोलंदाजीच्या परंपरेत शिंदे हे एक महत्त्वाचे, परंतु काहीसे उपेक्षित राहिलेले गोलंदाज होत.