हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेत माणसं आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायला येतात. सकाळी दहाच्या आत पायऱ्यांवर रांग लागलेली असते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या हातात नातू, आणि प्रत्येकाच्या पिशवीत पासबुक. गेली वीसेक वर्षं मी काउंटरच्या अलीकडे बसून हा सोहळा पाहतो आहे. समोर धडधडीत उभ्या असलेल्या, आणि वर आपल्याशी भांडत असलेल्या माणसाला 'हयातीचा दाखला?' असं विचारताना पहिल्या वर्षी जीभ अडखळते. दुसऱ्या वर्षापासून अडखळत नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारने 'जीवन प्रमाण' काढलं. बोटाचा ठसा दिला की माणूस आहे की नाही ते यंत्रच सांगतं. पण पन्नास वर्षं भाकऱ्या थापलेल्या बोटांवर ठसे कुठले राहायला? यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. आजीबाई म्हणतात, आणखी किती जगून दाखवू?

मागच्या नोव्हेंबरात रांगेत आमची आईही होती. नाना जिल्हा परिषदेतून निवृत्त झाले आणि सहा वर्षांपूर्वी गेले; त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळतं. सही कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं, तर सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "अरे, सकाळी तुला डबा कुणी करून दिला? मेलेल्या माणसाने?"

त्याच आठवड्यात आमच्या घरातला दुसरा डबा मेला. म्हणजे मेला असंही नाही. तीच तर हकिकत आहे.

हा दुसरा डबा म्हणजे टीव्हीच्या पाठीमागे लावलेली, साबणाच्या वडीएवढी काळी वस्तू. तिच्यातून आमची कन्या कोरियन मालिका बघते, सौ. पाककृती बघते, आणि दर रविवारी संध्याकाळी आई नानांना ऐकते. नानांनी १९८६ साली एक टू-इन-वन घेतला होता आणि त्यावर ते घरातला कारभार ध्वनिमुद्रित करत. आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या, माझी अडीचकी (अडीच सत्ते साडेसतराला मी आजही तसाच अडतो), एकदा नुसता पाऊस. प्रत्येक वेळी सुरुवातीला नाना घसा साफ करून आकाशवाणीच्या निवेदकाच्या थाटात तारीख, वार आणि वेळ सांगत, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज येई, "बंद करा हो ते यंत्र, दूध आणायचंय!" अशा चौदा कॅसेटी. बुरशी धरायला लागल्या तेव्हा मी त्या सगळ्या एका जुन्या संगणकात उतरवून घेतल्या. या व्यवस्थेला मीडिया सर्व्हर म्हणतात. नावाने दचकू नका. आमच्याकडे तो पलंगाखाली, चपलांच्या खोक्याशेजारी असतो. टीव्हीच्या डब्यात त्याचं एक ॲप असतं. ते ॲप पलंगाखाली हाक मारतं, सर्व्हर ओ देतो, आणि आई खुर्ची पुढे ओढते.

त्या रविवारी ॲपने हाक मारली आणि पडद्यावर अत्यंत सभ्य इंग्रजीत मजकूर उमटला की हे ॲप यापुढे या उपकरणावर चालणार नाही. खाली एकच बटण होतं, 'ठीक आहे' म्हणायचं. ठीक नाही म्हणायचं बटण नव्हतं.

तपासाअंती उघड झालं ते असं. आदल्या रात्री संगणकाने 'नवी आवृत्ती घेऊ का?' असं विचारलं होतं आणि कन्येने 'घे' म्हणून टाकलं होतं. नव्या आवृत्तीच्या सर्व्हरला ॲपही नवं लागतं, कारण दोघांची आपसांत बोलायची बोली बदललेली असते. ॲप नवं घ्यावं, तर त्याला डब्यातली मूळ प्रणाली नवी लागते. आणि डब्याच्या कंपनीने तर त्या जातीच्या डब्याला नवं काही द्यायचं दोन वर्षांपूर्वीच थांबवलेलं. डब्याची तार तुटली नव्हती, की त्याच्यातून धूरही निघाला नव्हता. लाल दिवा लागत होता. हात लावला तर अंग कोमट होतं! पण दाखला नव्हता.

मी कॉमर्सचा पदवीधर. वस्तू जुनी होते हे मला कळतं. त्याला आमच्यात घसारा म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँकेतल्या संगणकावर दरसाल ३३.३३ टक्के घसारा धरतात, म्हणजे तीन वर्षांत हिशेब आटोपला. पण वस्तू चालू असली तर वहीत तिच्यापुढे एक रुपया ठेवायची आमच्याकडे रीत आहे. शून्य लिहीत नाही. त्या एका रुपयात माणुसकी आहे असं मला उगाच वाटत आलंय.

या गोष्टीचा जरा मागून पुढे विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आलं की आमच्या शहरात असं पूर्वी होत नसे.

पहिला मान पाण्याचा. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली, आणि पुढच्या काही वर्षांत डोंगरातलं पाणी खापरी नळांतून गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. त्याच्यामागून शहरात अशा आणखी नहरी झाल्या. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी १७४४ च्या सुमारास हर्सूलकडून आलेल्या पाण्यावर चक्की बसवली, ती आपली पाणचक्की. आता मुद्दा बघा. नहर सुटली की जो हौद बांधेल त्याच्या हौदात पाणी पडे. हौद कुठल्या साली बांधला, कुणी बांधला, हे पाणी विचारत नसे. (महानगरपालिकेचं पाणीही विचारत नाही. ते येतच नाही, हा भाग वेगळा.)

मग रेडिओ. स्वातंत्र्याच्या वेळी आकाशवाणीकडे देशात सहा केंद्रं आली आणि संस्थानांच्या मालकीची पाच होती. त्या पाचांत म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद यांच्या पंगतीत आमचं औरंगाबाद होतं. निजामाचा रेडिओ. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांना त्याचा भारी अभिमान, जणू प्रक्षेपणाची तार यांच्याच माडीवरून गेली होती. आमच्याकडे पुढे एक व्हॉल्व्हचा रेडिओ आला. पेटी पेटाऱ्याएवढी, तापायला दोन मिनिटं. त्याचं लायसन दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागे. १९८० च्या दशकाच्या मध्याला ती भानगड संपली. तो रेडिओ वरचेवर आजारी पडायचा. नाना त्याला सायकलच्या कॅरिअरवर बांधून गुलमंडीवर न्यायचे, तिथला कारागीर त्याच्या पाठीत थापटी मारून व्हॉल्व्ह बदलायचा, आणि रेडिओ पुन्हा गाऊ लागायचा. दरम्यान जगात ट्रान्झिस्टर आले. पण रेडिओ केंद्राने कधी असं कळवलं नाही की व्हॉल्व्हवाल्यांनी आता कानात बोळे घालून बसावं. हवेत गाणं सोडून केंद्र मोकळं. कोण ऐकतंय आणि कशावर ऐकतंय, याची त्याला फिकीर नसे.

सगळ्यात मौज रंगीत टीव्हीची. १९८२ च्या ऑगस्टात दूरदर्शन रंगीत झालं, पुढे नोव्हेंबरात एशियाड आलं. देशात तेव्हा होते ते सारे संच काळे-पांढरे. ते काय फेकून दिले? मुळीच नाही. रंगीत चित्र पाठवतानाच उजेड-अंधार एकीकडे आणि रंग दुसरीकडे, असं वेगवेगळं बांधून पाठवायची युक्ती होती. जुना संच आपला उजेड-अंधार उचले आणि रंग तसेच सोडून देई. नव्या सुनेने वाढताना सासूबाईंच्या पानात बिनतिखटाचं वेगळं काढून ठेवावं, तसं. युक्ती काढली पाश्चात्त्य इंजिनियरांनी, पण वागणं अगदी आपल्या घरचं. शेजारच्या काकांचा शटरवाला काळा-पांढरा संच त्यानंतर दहा वर्षं चालला. काका पडद्यावर निळी काच लावून 'रंगीत आहे' म्हणत, ते निराळं.

टीव्हीच्या बाबतीत आमचं गाव काही नुसतं बघ्यांचं नव्हे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. निम्म्या गल्लीचे मेहुणे तिथे. आणि सिडकोच्या बाजूला एक अख्खी वस्ती 'टी.व्ही. सेंटर' या नावाने ओळखली जाते. रिक्षावाल्याला नुसतं 'टी.व्ही. सेंटर' म्हटलं की पुरतं.

दाखला मागायची सुरुवात झाली ती केबलपासून. ३१ मार्च २०१३ ही तारीख. देशातल्या ज्या ३८ शहरांत त्या दिवसापासून सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला त्यांत औरंगाबाद होतं. बॉक्स नाही, तर चित्र नाही. मार्चअखेर म्हणजे बँकेत आमची दिवाळी आणि शिमगा एकाच दिवशी. घरी आलो तर आई म्हणाली, टीव्हीत मुंग्या आल्यात. तरी त्यातही एक सोय होती. बॉक्स नवा, पण संच जुनाच चाले. पुढे २०१६ च्या फेब्रुवारीत दूरदर्शनने १६ शहरांत मोबाइलवर फुकट दिसणारं डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. त्यातही औरंगाबादचा नंबर लागला होता! त्यासाठी मोबाइलला एक डाँगल लावायचा होता. तो लावलेला मनुष्य मी आजवर पाहिलेला नाही. मग २०२२ च्या मार्चअखेरपर्यंत दूरदर्शनने, सीमेलगतची वगैरे मोजकी सोडून, देशभरची जुनी प्रक्षेपकं बंद केली. छपरावरचे अँटेने तसेच राहिले. त्यांच्यावर अजून पारवे बसतात.

आता या डब्यांचं कुळ. २००२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावर सिनेमे-गाणी चालवायचा कार्यक्रम लिहिला. त्याचं नाव पुढे 'एक्सबॉक्स मीडिया सेंटर' पडलं. त्यातूनच २००८ च्या सुमारास प्लेक्स फुटलं, ज्याच्यावर आज कित्येकांचे घरगुती सर्व्हर चालतात. आणि २०१० साली त्या मूळ कार्यक्रमाने कुणाचा हात सोडला असेल? एक्सबॉक्सचा! ज्याचं नाव लावून मोठे झाले त्यालाच म्हणाले, तुमची ताकद आता पुरत नाही. नाव मात्र आणखी चार वर्षं लावलं. २०१४ साली ते बदलून 'कोडी' केलं. वाटण्या झाल्यावरही थोरल्याच्या नावाने उधारी चालू ठेवणारे भाऊ मी कर्ज खात्यात पाहिले आहेत, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

कुणाच्याही कंपनीचा टीव्ही कुणाच्याही संगणकाशी बोलावा म्हणून २००३ साली सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरेंनी डीएलएनए नावाची संस्थाही काढली होती. चांगली होती. २०१७ च्या जानेवारीत बरखास्त झाली. तिची बोली मात्र पुष्कळ टीव्हींना अजून येते.

आणि साक्षात दाखल्याचीच गोष्ट ऐका. ९ मार्च २०२५ रोजी जगभरचे दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट डबे एकाएकी मुके झाले. काय बिघडलं होतं? काहीच नाही. डबा अस्सल आहे हे पटवून देणारं जे प्रमाणपत्र त्याच्या पोटात होतं, त्याची दहा वर्षांची मुदत संपली होती. लोकांच्या मोबाइलवर संदेश आला की हे उपकरण भरवशाचं नाही. दहा वर्षं ज्याने घर रमवलं, तो एका रात्रीत परका! गूगलने घाईने कळवलं की डबा पुसून नव्याने मांडायच्या फंदात पडू नका, आणि काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. त्यांचे डबे उठून बसले. आमच्यासाठी असं कुणी धावून येणार नव्हतं.

हे सगळं त्या रात्री सौ.ला तावातावाने सांगत होतो, आणि मध्येच मला एक गृहस्थ आठवले.

२०१९ चा जानेवारी. रिझर्व्ह बँकेच्या हुकुमाने नुसत्या चुंबकी पट्टीची एटीएम कार्डं बंद व्हायची होती, चिपवालं घ्यायचं होतं, आणि ३१ डिसेंबरची मुदत उलटून गेली होती. एक निवृत्त शिक्षक काउंटरवर आले. कार्ड त्यांनी रुमालात गुंडाळून आणलं होतं. एक ओरखडा नाही. "हे बघा, कालपर्यंत चालत होतं," ते म्हणाले.

मी म्हणालो, "सर, कार्ड चांगलंच आहे. पण ते आता चालत नाही."

"म्हणजे माणूस ठणठणीत आहे, पण वारला, असं?"

मी त्यांना फॉर्म दिला. मागे रांग होती. नियमाला कारण होतं. पट्टीची नक्कल चोरांना सहज करता येते, चिपची नाही. तेही मी त्यांना सांगितलं नाही. नुसता फॉर्म दिला, आणि त्यावर कुठे सही करायची तिथे बोट ठेवलं.

डब्यावर ते 'ठीक आहे' बटण लिहिणाराही असाच कुठेतरी बसलेला असणार. त्याच्याही मागे रांग असेल.

कन्येने शेवटी मार्ग काढला. चौदाच्या चौदा कॅसेटी एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवल्या आणि तो थेट टीव्हीच्या कुशीत खोचला. ॲप नको, डबा नको, पलंगाखाली हाका मारणं नको. "आणि हा किती वर्षं चालतो?" मी विचारलं. "दहाएक," ती म्हणाली, आणि मग माझा चेहरा बघून, "आणखी दोन प्रती करून ठेवते, बाबा." एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली आहे. लॉकरचं भाडं मार्चमध्ये कापून जातं.

त्या रात्रीच आईला बोलावलं. टीव्हीतून खर्रर्र झालं, घसा साफ केल्याचा आवाज आला, नानांनी सन १९८८ मधल्या मे महिन्याची तारीख आणि वार सांगितला, वेळ सायंकाळचे साडेसहा, आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ आईचा तेव्हाचा आवाज, "अहो, बंद करा ते यंत्र!"

"आवाज वाढव जरा," आई म्हणाली. "मी काय म्हणतेय ते नीट ऐकू येत नाही."