टकळी, पेटी आणि चिंपांझी
आपल्या पुलगावजवळच्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नई तालीम तिथलीच. त्या शाळांत पोरं टकळी बघून-बघून शिकली.

आता 2005. हॉर्नर आणि व्हाइटन यांनी युगांडातल्या चिंपांझींना आणि स्कॉटलंडच्या तीन-चार वर्षांच्या पोरांना पेटी उघडून दाखवली. आधी वरच्या भोकात काठी उगाचच खुपसली. पारदर्शक पेटीत ती स्टेप फालतू आहे हे दिसत होतं; चिंपांझींनी बहुतेकदा ती गाळली. पोरांनी मात्र सगळं जसंच्या तसं केलं.

मग हुशार कोण? थांबा. सूत कातताना बोटांची कुठली हालचाल फालतू, हे नवख्याला कसं कळणार? आधी सगळंच उचलावं लागतं. मी सिनिअरच्या कोडमधली एक ‘फालतू’ ओळ उडवली होती. रात्री सर्व्हर झोपला!