यात्रा, मैदान आणि रात्रीचे दहा

फळ्यावरचा विषय वाचून तुमच्यातल्या दोघा-तिघांनी आत येतानाच विचारलं, ‘हिमायतनगरात रॉक बँडचं काय काम?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला आपण तुमच्या-आमच्या ओळखीच्या एका शब्दापासून सुरुवात करू. तो शब्द म्हणजे यात्रा. महाशिवरात्रीला परमेश्वराच्या देवळापुढे भरते ती यात्रा, माळेगावला खंडोबाची भरते ती यात्रा.

आता बघा. 1971 साली मुंबई-पुणे लोहमार्गावर, लोणावळ्याजवळच्या मळवलीला, गिटार आणि ड्रम घेऊन तरुण पोरं उघड्या माळावर जमली. अमेरिकेत वुडस्टॉकचा मेळा होऊन दोनच वर्षं झाली होती. या जमावाला नाव काय दिलं, तर ‘स्नेहयात्रा’. पुढे 1978 साली मुंबईत जाझ संगीताचा मोठा महोत्सव सुरू झाला, त्याचं नाव ‘जाझ यात्रा’. इंग्रजीत बोलणाऱ्या, इंग्रजीत गाणाऱ्या या मंडळींना नाव ठेवताना आपलाच शब्द सापडला. आम्हाला यात फारसं नवल वाटत नाही. रेडिओ, तबकडी, कॅसेट या वस्तू घरी येतात. पण काही गाणं असं असतं की त्याच्यापर्यंत आपल्यालाच चालत जावं लागतं.

‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’चं लहान रूप. मागे सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही; गाणं आपलं, खर्च आपला, चूकही आपलीच. ही रीत महाराष्ट्राला रॉकनं शिकवली असं कोणी म्हणत असेल तर आम्ही हात जोडू. भीमराव कर्डकांचा जलसा 1931च्या सुमारास नाशिककडे उभा राहिला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढलं. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. यातल्या कुणाचीही वाट कंपनीच्या दारातून गेली नव्हती. मात्र दोन्ही गोष्टी एकच, असंही म्हणता येणार नाही. जलशातली माणसं गावकुसाबाहेरची, त्यांचं गाणं चळवळीचं. रॉकवाले बहुतेक शहरातले, इंग्रजी शाळेतले. पोटाची भूक वेगळी होती, पण जागेची भूक सारखीच होती.

रॉकवाल्यांची सुरुवातीची अडचण निराळीच. 1970 आणि 71ला ‘सिम्ला बीट’ नावाची बँडची स्पर्धा झाली, ती एका सिगारेट ब्रँडच्या पैशावर. त्या काळी बँडचा पुष्कळसा वेळ विलायती गाणी हुबेहूब वाजवण्यात जाई. आपल्याकडे गणपतीत ऑर्केस्ट्रा सिनेमाची गाणी म्हणतो ना, तसंच. लोकांना ओळखीचं हवं असतं. 1984 साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड निघाला. त्यांनी आधी दुसऱ्यांचीच गाणी वाजवली, मग 1988 साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. पुढे नावही बदललं, ‘इंडस क्रीड’ झाले. अनोळखी गाणं ऐकायला माणूस थांबायचा, तर थांबायला जागा हवी. ती जागा होती रंगभवन.

धोबी तलावाजवळ, झेवियर कॉलेजच्या शेजारी, राज्य सरकारचं हे खुलं नाट्यगृह. जाझ यात्रा तिथंच व्हायची. 1986 पासून स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे तिथं ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला. देशभरातले बँड येत. नाव नसलेल्या बँडला हजारो डोक्यांसमोर पंधरा-वीस मिनिटं मिळत. आवडलं तर नाव होई, नाही आवडलं तर पोरं तोंडावर सांगत. तमाशाच्या फडात बोर्डावर उभं राहण्याइतकीच कठीण परीक्षा! 1993 साली ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे या संगीताचं मासिक निघालं, तेही मुंबईतून नव्हे, अलाहाबादेतून. म्हणजे मोठं शहर असल्याशिवाय काही उभं राहत नाही, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा टापू शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, दुसऱ्या अंगाला कामा हॉस्पिटल. न्यायालयानं नियम पाळायला लावले आणि रंगभवनातलं गाणं थांबलं. इथं कुणाला खलनायक ठरवू नका, बरं का. आजारी माणसाचा झोपेचा हक्क खरा आहे. डीजेच्या भिंतीपुढे ज्याचं घर आहे त्याला विचारा. चूक नियमात नव्हती. चूक ही, की जागा काढून घेतली आणि दुसरी दिली नाही.

याच नियमाचा दुसरा घाव कुणाला बसला? तमाशाला. दसऱ्याला बाहेर पडलेला फड बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरतो. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेची सुपारी देतात. जेवणंखाणं आटोपून लोक जमायचे, गण, गवळण, बतावणी होऊन वगाला रंग चढायचा, तो पार उजाडेपर्यंत. दहा वाजता आवाज बंद करायचा तर वगाला उरलं काय? इंग्रजीत गाणारा गिटारवाला आणि फडातला सोंगाड्या आयुष्यात कधी भेटले नसतील, पण घड्याळाच्या एकाच काट्यानं दोघांना घरी धाडलं.

शहरानं वाट काढली ती बंद दाराआड. 2007 साली लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ‘ब्लू फ्रॉग’ उघडला. उत्तम आवाज, उत्तम बँड. पण हातात पैसे असणाऱ्यालाच आत जागा. ज्या गिरणगावात लाल बावट्याचे पोवाडे कामगार मैदानात उभं राहून फुकट ऐकत, तिथंच हे घडलं. 2016 साली तेही बंद झालं. 2010 पासून पुण्यात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. पुन्हा मैदान, पुन्हा गर्दी, पण तिकीट काढून.

आता हिमायतनगरकडे येऊ. आपल्याकडे पोरं मोबाईलवर गाणी रचतात, रेकॉर्ड करतात, टाकतात. हजार लोक ऐकत असतीलही, पण समोर बसून ऐकणारा एकही नसतो. आणि कलावंत घडतो तो समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून. हे फडानंही सांगितलं, जलशानंही आणि रंगभवनानंही.

नियमात एक फट आहे. वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत सरकार ही वेळ रात्री बारापर्यंत वाढवू शकतं. ते दिवस प्रामुख्यानं सणांना आणि जयंत्यांना जातात, काही जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती असतात. आमचं मागणं त्याहूनही लहान आहे. बारा नकोत, दहाच्या आतलेच दोन तास द्या. यात्रेतली एक संध्याकाळ, वस्तीपासून दूर, मापात आवाज, आणि अट एकच: गाणं स्वतःचं हवं. मग ते भीमगीत असो, कव्वाली असो, गोंधळ असो की गिटारवरचं आणखी काही. पहिल्या वर्षी गर्दी होणार नाही. रॉक मशीनच्या स्वतःच्या गाण्यालाही ती पहिल्या दिवशी मिळाली नसेल. पण आपण पुढच्या सतरंजीवर बसू आणि गाणं संपेपर्यंत उठणार नाही, एवढं तर आपल्या हातात आहे ना?