अग्राह्यता : पुरावा खरा असूनही न्यायालय तो का नाकारते?

वस्तीवर हल्ला होतो. एक मुलगा मोबाईलवर सगळे चित्रित करतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि मोबाईलची मेमरी भरली म्हणून मूळ फाइल डिलीट करतो. काही वर्षांनी खटला उभा राहतो. तोवर व्हिडिओ शेकडो लोकांकडे पोहोचलेला असतो, पण न्यायालयात टिकेल अशी एकही प्रत हाती नसते. आरोपीचा वकील आक्षेप घेतो, 'हा पुरावा अग्राह्य आहे.' हा शब्द प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे.

शब्दाचा अर्थ

ग्राह्य म्हणजे स्वीकारण्याजोगे. जी गोष्ट कायद्यानुसार विचारातच घेता येत नाही ती अग्राह्य. अग्राह्य म्हणजे खोटे नव्हे. न्यायालयापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. हा पुरावा घेता येतो का, हा पहिला. घेतल्यावर त्यावर किती विश्वास ठेवायचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावरच अडलेला पुरावा दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याआधी १८७२ चा कायदा होता. त्यामुळे जुन्या निकालांत कलमांचे क्रमांक वेगळे दिसतात.

पोलिसांपुढील कबुली

कलम २३ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली गुन्ह्याची कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. कोठडीत असताना दिलेली कबुलीही चालत नाही, ती दंडाधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिलेली असेल तरच चालते. अपवाद एक आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. २०१० च्या सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीशिवाय केलेल्या नार्को चाचणीचे निष्कर्षही पुरावा म्हणून नाकारले.

म्हणजे अग्राह्यता दरवेळी आपल्या विरोधात नसते. आंदोलनानंतरच्या धरपकडीत मारहाण करून सही घेतलेल्या तरुणासाठी हाच नियम ढाल असतो.

ऐकीव माहिती

कलम ५५ नुसार तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो. पाहिले असेल त्याने पाहिल्याचे सांगायचे, ऐकले असेल त्याने ऐकल्याचे. 'गावात सगळे म्हणत होते' ही साक्ष होत नाही. मृत्युपूर्व जबाब हा महत्त्वाचा अपवाद आहे. म्हणून अत्याचाराच्या घटनेनंतर पहिल्याच दिवशी प्रत्यक्षदर्शी कोण, याची यादी करा. भाषणे नंतर करता येतात.

मोबाईलमधला पुरावा

इथे आपले सर्वाधिक नुकसान होते. कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना तिच्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात. एक नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात उपकरणाचा तपशील आणि फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसाच. फाइलमध्ये थोडा जरी बदल झाला तरी ते बदलते.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारला गेला का, असा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण पुराव्यात आले होते. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रमाणपत्र देण्यास कोणी टाळाटाळ करत असेल, तर ते देण्याचा आदेश न्यायालयाकडे मागता येतो. हा निकाल जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब वर आहे, आणि तीच तरतूद आता कलम ६३ मध्ये विस्ताराने आली आहे.

कागदपत्रे

पुरेसे मुद्रांक शुल्क न भरलेला दस्त महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमानुसार पुराव्यात घेता येत नाही. शुल्क आणि दंड भरला की ही अडचण दूर होते. नोंदणी सक्तीची असलेला दस्त नोंदवलाच नसेल, तर नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ४९ नुसार तो व्यवहाराचा पुरावा म्हणून चालत नाही. साध्या कागदावर प्लॉट घेणाऱ्या कुटुंबांना हे वेळेत सांगायला हवे.

भारताबाहेर

हाच इंग्रजी शब्द परदेश प्रवेशाच्या कायद्यातही येतो. तिथे त्याचा अर्थ 'प्रवेशास अपात्र' असा होतो. अमेरिकेच्या व्हिसा अर्जात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिल्यास व्यक्ती अपात्र ठरू शकते. शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी एजंटने भरलेला अर्ज स्वतः वाचूनच सही करावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

मूळ मोबाईल आणि मूळ फाइल जपा. व्हिडिओ कापू नका, त्यावर गाणे किंवा मजकूर टाकू नका. फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर विसंबू नका. चित्रण कोणी, कुठे, किती वाजता केले ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मोबाईल पोलिसांनी जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा, त्यात उपकरणाचा तपशील आला आहे का ते पाहा. प्रमाणपत्राबद्दल सरकारी वकिलांना सुरुवातीलाच विचारा.

ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी सुटला की आपण मोर्चा काढतो, आणि तो काढायलाही हवा. पण मूळ फाइल डिलीट झाली त्या दिवशी आपल्यापैकी कोणी त्या मुलाला थांबवले असते, तर कदाचित मोर्चाची वेळच आली नसती.