लेखनयोग्य डीव्हीडी

लेखनयोग्य डीव्हीडी ही वापरकर्त्याला स्वतःच्या संगणकावर किंवा ध्वनिचित्रमुद्रकावर माहिती नोंदवता येईल अशी प्रकाशीय तबकडी होय. या तबकडीवर लेसर किरणांच्या साहाय्याने लेखन करणाऱ्या यंत्राला डीव्हीडी रायटर किंवा डीव्हीडी बर्नर म्हणतात. कारखान्यात साच्याने ठसे उमटवून तयार केलेल्या चित्रपटांच्या तबकड्या केवळ वाचता येतात. लेखनयोग्य तबकडी मात्र कोरी विकली जाते. डीव्हीडी-आर, डीव्हीडी-आरडब्ल्यू, डीव्हीडी+आर, डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-रॅम हे तिचे प्रमुख प्रकार आहेत.

रचना व कार्यपद्धती

डीव्हीडीचा व्यास १२० मिलिमीटर आणि जाडी १.२ मिलिमीटर असते. प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ती बनवतात. लेखनाचा थर या दोन चकत्यांच्या मध्ये असतो. सीडीमध्ये तो नाव छापलेल्या बाजूच्या अगदी खाली असल्याने वरच्या ओरखड्यानेही सीडी निकामी होऊ शकते. डीव्हीडीला हा धोका कमी असतो. मात्र दोन चकत्यांमधील जोड कडेने सुटल्यास तबकडी वाया जाते.

सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त लेसर वापरतात, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा तांबडा. तरंगलांबी कमी असल्याने किरण अधिक बारीक बिंदूवर केंद्रित होतो. परिणामी, सर्पिल मार्गाच्या लगतच्या फेऱ्यांमधील अंतर सीडीतील १.६ मायक्रोमीटरवरून ०.७४ मायक्रोमीटरवर आणता आले आणि त्याच आकाराच्या तबकडीत कितीतरी अधिक माहिती मावू लागली.

एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीत सेंद्रिय रंगद्रव्याचा थर असतो. लेसरच्या उष्णतेने रंगद्रव्यात कायमचा बदल होतो आणि त्या जागेचे परावर्तन घटते. 'बर्न करणे' हा शब्दप्रयोग यावरूनच आला. पुनर्लेखनयोग्य तबकडीत रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. तीव्र लेसरने तो वितळून झटकन थंड झाला की अस्फटिकी होतो. मध्यम तीव्रतेने तापवला की पुन्हा स्फटिकरूप घेतो. हा बदल उलटवता येत असल्याने जुना मजकूर पुसून नवा लिहिता येतो.

प्रकार

डीव्हीडी-आर व डीव्हीडी-आरडब्ल्यू: डीव्हीडी-आर हा प्रकार पायोनियर या जपानी कंपनीने विकसित केला व तो १९९७ मध्ये बाजारात आला. त्याची आरंभीची ३.९५ गीगाबाइट क्षमता पुढे ४.७ गीगाबाइट झाली. या तबकड्यांना डीव्हीडी फोरम या संघटनेची मान्यता आहे. नावातील आडवी रेघ हे केवळ जोडचिन्ह आहे. 'प्लस' प्रकार आल्यानंतर लोक तिला 'मायनस' म्हणू लागले. आरडब्ल्यू तबकडीवर सुमारे १,००० वेळा पुनर्लेखन करता येते.

डीव्हीडी+आर व डीव्हीडी+आरडब्ल्यू: सोनी, फिलिप्स, ह्यूलेट-पॅकार्ड आदी कंपन्यांच्या गटाने हे प्रकार पुढे आणले. डीव्हीडी+आरडब्ल्यू २००१ मध्ये, तर डीव्हीडी+आर २००२ मध्ये उपलब्ध झाली. क्षमता जवळपास तेवढीच असली, तरी लेसरला तबकडीवरील नेमकी जागा दाखवणाऱ्या खुणांची पद्धत दोन्ही गटांत वेगळी आहे. त्यामुळे केवळ एका गटाच्या रायटरमध्ये दुसऱ्या गटाच्या तबकडीवर लेखन होत नाही.

डीव्हीडी-रॅम: हिच्यावर सुमारे १,००,००० वेळा पुनर्लेखन शक्य असते आणि ती हार्ड डिस्कप्रमाणे वापरता येते. परंतु अनेक घरगुती प्लेअर ती वाचू शकत नाहीत.

द्विस्तरीय तबकडी: एकाच बाजूला दोन लेखनस्तर असणाऱ्या या तबकडीची क्षमता ८.५ गीगाबाइट असते. प्लस गटात तिला 'डबल लेयर', तर दुसऱ्या गटात 'ड्युअल लेयर' म्हणतात.

क्षमता व वेग

वेष्टनावरील ४.७ गीगाबाइट म्हणजे ४.७ अब्ज बाइट. बहुतेक संगणक १,०२४ च्या पटीत मोजणी करत असल्याने पडद्यावर हीच क्षमता सुमारे ४.३७ अशी दिसते. तबकडी सदोष असल्याचा समज यातून होतो. प्रत्यक्षात फरक केवळ मोजमापाचा असतो.

डीव्हीडीचा '१एक्स' वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ मेगाबाइट. सीडीच्या १एक्स वेगाच्या तो सुमारे नऊपट आहे. म्हणून १६एक्स डीव्हीडी लेखन हे ५२एक्स सीडी लेखनापेक्षा बरेच जलद असते. १एक्स वेगाने पूर्ण तबकडी लिहिण्यास सुमारे ५७ मिनिटे लागतात. १६एक्स वेग तबकडीच्या बाहेरील कडेजवळच गाठला जात असल्याने एकूण वेळ सोळापटीने कमी होत नाही. साधारणतः पाच ते सहा मिनिटे लागतात.

रायटरची निवड

सोनीने २००२ मध्ये दोन्ही गटांच्या तबकड्यांवर लिहिणारा रायटर आणला. त्यानंतर असे रायटर सर्वत्र रूढ झाले व 'प्लस की मायनस' हा प्रश्न यंत्रापुरता बहुतांशी मिटला. अशा यंत्रावर 'डीव्हीडी±आरडब्ल्यू' असे लिहिलेले असते. 'सुपर मल्टी' असे चिन्ह असल्यास डीव्हीडी-रॅमचीही सोय असते. 'कॉम्बो ड्राइव्ह' मात्र डीव्हीडी केवळ वाचतो आणि लेखन फक्त सीडीवर करतो. जुने यंत्र विकत घेताना हा भेद विशेष ध्यानात घ्यावा लागतो.

संगणकाच्या आतील रायटर आधी आयडीई व नंतर साटा जोडणीचे आले. लॅपटॉपसाठी यूएसबीने जोडता येणारे बाह्य रायटर सोयीचे ठरतात. चित्रपट पाहण्यासाठी यंत्राचा प्रदेश-संकेतही जुळावा लागतो. भारत पाचव्या प्रदेशात मोडतो. हा संकेत वापरकर्त्याला पाचच वेळा बदलता येतो. त्यानंतर तो कायम होतो.

तबकडीची निवड ती कोठे वाचायची आहे यावर अवलंबून असते. जुन्या घरगुती प्लेअरसाठी डीव्हीडी-आर सहसा सुरक्षित मानली जाते. आरडब्ल्यू तबकडीचे परावर्तन कमी असल्याने काही जुने प्लेअर तिला द्विस्तरीय तबकडी समजून नाकारतात. दुसऱ्या यंत्रावर चालवण्यापूर्वी तबकडीचे समापन, म्हणजेच 'फायनलाइज', करणे बहुधा आवश्यक असते. ते राहून गेल्यास मजकूर असूनही तबकडी कोरी भासते.

टिकाऊपणा व जतन

लग्नसमारंभांचे चित्रीकरण, कौटुंबिक छायाचित्रे, नाटकांच्या व व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती असा मोठा ठेवा अशा तबकड्यांवर आहे. सेंद्रिय रंगद्रव्य ऊन, उष्णता व दमटपणा यांमुळे हळूहळू खराब होते. बिघाड बाहेरून दिसतोच असे नाही. यंत्रातील त्रुटिदुरुस्तीची व्यवस्था आरंभीचे दोष झाकून घेते; तिची मर्यादा ओलांडली गेली, की तबकडी एकाएकी वाचता येईनाशी होते.

तबकडी कडेने धरणे, उन्हापासून दूर व डबीत उभी ठेवणे, तिच्यावर कागदी लेबल न चिकटवणे आणि लेखनानंतर मजकूर पडताळून पाहणे हे उपाय उपयुक्त ठरतात. महत्त्वाच्या नोंदींची एकच प्रत असणे धोक्याचे असते.

पेन ड्राइव्ह, मोठ्या क्षमतेच्या हार्ड डिस्क आणि इंटरनेटवरील साठवण यांच्या प्रसारामुळे डीव्हीडीचा वापर घटला असून नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा रायटर नसतो. त्यामुळे जुन्या तबकड्यांवरील मजकूर त्या वाचता येत आहेत तोवर अन्य माध्यमावर उतरवून घेणे, हाच आज घरगुती रायटरचा एक महत्त्वाचा उपयोग उरला आहे.