तांब्याची तार आणि काचेचा तंतू

आगगाडी १८५३ साली ठाण्यास आली आणि पुढल्याच वर्षी कल्याणास पोचली. टेलिफोनच्या तारेने मात्र ही गावे वेगळी पाडली: ठाणे मुंबईच्या ०२२ कोडात, कल्याण-डोंबिवली ०२५१ मध्ये. एकाच लोकलचे आम्ही प्रवासी, पण तारेच्या हिशेबी परगावचे!

१९९५ साली इंटरनेट जनतेस खुले झाले, ते या तारेवरूनच. ते चालू असता फोन अडून राही. पुढे वेग वाढला, तो फार तर सेकंदाला ५६ हजार बिट. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ हजार ठरविली. त्याच तांब्यावरून बोलणे व माहिती निरनिराळ्या कंपनसंख्यांनी वाहू लागली. पण एक्स्चेंजपासून घर जितके लांब, तितका वेग मंद. केबलची वाहिनी शेजाऱ्यांत वाटली जाई. सारे घरी परतले की ती अडखळे. काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो. त्याला गावातले अंतर जाणवत नाही.

मग तांबे टाकाऊच काय? तसे आम्हांस म्हणवत नाही. वीज गेली तरी जुना फोन बोलत असे, कारण त्याला वीज एक्स्चेंजातून मिळे. तंतूच्या टोकाची पेटी घरच्या विजेवर जगते. तेव्हा जोडणी घेताना वेगाचा आकडा जरूर पाहावा. पण अंधार पडल्यावर काय चालू राहील, हेही आपण विचारावे.